दोन खोल्यांची ऊब

४ जानेवारी

शेवटी लेख मला मिळाला. ग्राहकांसाठी निघणारं आमचं मासिक लहान आहे, पण ते वाचून माणसं खरंच वस्तू घेतात, आणि मार्चच्या अंकात घराच्या छपराखाली कोणती ग्लासवूल घालावी हे त्यांना मी सांगणार आहे. ग्लासवूल म्हणजे काचेची लोकर. काचेचे केसाहून बारीक धागे काढून त्यांची जाड गादी करतात, ती छपराच्या वाशांमध्ये बसवली की घरातली ऊब घरात राहते. संपादकबाई म्हणाल्या, "कंपन्यांची माहितीपत्रकं उतरवून आणू नकोस. लावून बघ, मोजून बघ. हे जमलं तर तुझी उमेदवारी संपली समज. नाही जमलं तर मग बघू."

जेवताना घरी सांगितलं. आमच्या वरच्या मजल्यावर दोनच खोल्या, एक माझी, एक दादा-वहिनीची. मधे जिना. दोन्ही एका मापाच्या, दोन्हींना एकेक खिडकी, दोन्ही एकाच छपराखाली कुडकुडणाऱ्या. चाचणीसाठी देवानेच बांधल्यासारख्या. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि वहिनीकडे वळून विचारलं, "तुमच्या दुकानात असते ना गं ही?"

वहिनी बांधकामाच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर असते. ती म्हणाली, "असते की. लाल गठ्ठ्यातली. हातोहात जाते बाबा."

मग अर्धा तास सगळे तिलाच विचारत होते. खाजते का, वास येतो का, उंदीर खातात का. लेख माझा आणि वरात तिची. या घरातली पहिली पदवी माझी आहे, तीही भौतिकशास्त्रातली. वहिनी दहावीनंतर शिकली नाही. हे मी कमीपणा दाखवायला लिहीत नाही, फक्त नोंद म्हणून लिहिते.

९ जानेवारी

आज बसवली. मी कंपन्यांचे कागद वाचून निळ्या गठ्ठ्याची निवडली होती. त्यांच्या पुस्तिकेत तक्ते आहेत, संदर्भ आहेत, प्रयोगशाळेचा फोटो आहे. लाल गठ्ठ्यावर एक हसणारं कुटुंब आहे आणि खाली चार ओळी. जाडी दोन्हींची एकच, उष्णता अडवण्याचा छापलेला आकडाही एकच, पण आकडा कुणीही छापेल. निळी माझ्या खोलीत घातली आणि लाल त्यांच्या.

दादा वायरमन आहे, त्याला वाशांवर चढायची सवय. त्याने वरच्या फळ्या काढल्या, मी खालून सूचना वाचल्या. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडाला फडकं. वाशांत फट ठेवायची नाही आणि गादी दाबायची नाही, कारण ऊब धरते ती धाग्यांमधली हवा.

"शास्त्रज्ञबाई," दादा वरून म्हणाला, "खाज सुटली की ती निळीची की लालची, ते कसं ओळखायचं?"

"निळीची असेल तर इंग्रजीत सुटते," वहिनी म्हणाली.

आई हसून हसून स्टुलावर बसली. मीही हसले, पण एक क्षण उशिरा.

लाल गठ्ठा सोडला की गादी पटकन फुगते, हे मान्य करायला हवं. निळीला थोडा वेळ लागतो. आईने दोन्ही हाताने चाचपल्या आणि म्हणाली, "छपराची गोधडीच की गं ही." मग वहिनीला म्हणाली, "तुझी जास्त मऊ आहे." तुझी म्हणे. वहिनीने विणली होती जशी काही.

१२ जानेवारी

चाचणीचे नियम सगळ्यांना सांगितले. संध्याकाळी हीटर लावायचा नाही, खिडकी उघडायची नाही, खोलीत इस्त्री करायची नाही, दार लावलेलं ठेवायचं. ऑफिसातून दोन तापमापक आणलेत. त्यांची वायर खोलीत जाते आणि आकडा बाहेर जिन्याजवळच्या डबीवर दिसतो. त्यामुळे मला त्यांच्या खोलीत पाऊल टाकायची गरज पडत नाही. चाचणी करणाऱ्याने तटस्थ राहिलेलं बरं. जेवणानंतर मी माझ्या खोलीत वाचत बसते आणि दीड तासाने बाहेर येऊन दोन्ही आकडे टिपते.

वहिनी म्हणाली, "वन्सं, आकडा बघायला आत आलात तरी चालेल. पत्त्यांचा डाव मांडलेलाच असतो."

वन्सं हे ती मुद्दाम म्हणते, जुन्या काळातल्या सुनेसारखं. मी म्हटलं, "नको, तुमचं चालू द्या." तिने मला 'तू' म्हणायला लग्नातच सांगितलं होतं. माझ्या तोंडातून अजून 'तुम्ही'च येतं.

१५ जानेवारी

तिन्ही दिवस लाल पुढे. थोडीथोडकी नाही, तीन-साडेतीन अंशांनी.

आज आकडे टिपताना त्यांच्या दाराआडून बाबांचा आवाज येत होता. बाबा बस चालवतात, आणि घाटात त्यांच्या बसमध्ये शिरलेल्या बकरीची गोष्ट ते वहिनीला सांगत होते. ती गोष्ट माझी आहे. मी सहा वर्षांची असताना ती त्यांनी माझ्यासाठी रचली होती, बकरीने तिकीट मागितलं हा भाग तर मीच घातला होता. वहिनी म्हणाली, "मग सुटे दिले का बकरीने?" आणि सगळे हसत सुटले. शेजारचे काकाही होते, त्यांचा खोकल्यासारखा हसण्याचा आवाज ओळखू येतो.

मी डबीवर वाकून आकडा लिहिला. माझ्या खोलीत परत आले तर पाय गार पडले होते. शाल घेऊन निळ्या कंपनीची पुस्तिका पुन्हा वाचली. तक्ते अगदी बिनतोड आहेत.

१९ जानेवारी

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण दैनंदिनीशी खोटं कशाला बोलायचं. माझ्या दारावरून जाताना सगळ्यांची बोलणी बंद होतात. जिना चढताना गप्पा चालू असतात, वर पोचले की एकदम शुकशुकाट. पावलंसुद्धा हळू. आणि त्यांच्या खोलीचं दार लागलं की पुन्हा सुरू. मी काय परकी आहे? माझ्यापासून लपवण्यासारखं या घरात काय आहे?

आज सकाळी बाबांना नवीन औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून हवं होतं. मी समोर बसले होते, पुढ्यात कागद होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदांकडे पाहिलं, आणि बाटली घेऊन स्वयंपाकघरात वहिनीकडे गेले. घरातलं सगळं वाचायचं काम माझं होतं. विजेचं बिल, लग्नपत्रिका, डॉक्टरचं अक्षर. वहिनीने दोनदा अडखळत वाचलं. बाबा म्हणाले, "वा, छान."

२० जानेवारी

लाल पुढे.

२३ जानेवारी

संपादकबाईंना आकडे दाखवले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी विचारलं, "दोन्ही गठ्ठ्यांवर आकडा एकच छापलाय, जाडी एकच, मग इतका फरक कसा?"

"लाल चांगली असेल," मी म्हटलं. हे म्हणताना कडू गोळी चावल्यासारखं झालं.

"असेल. किंवा तुझ्या चाचणीत काहीतरी राहिलं असेल. हे असंच छापलं आणि चूक निघाली, तर निळीवाला आपल्या दारात उभा राहील. ते शोध, मग लिही."

घरी येताना बसमध्ये विचार करत होते. फट? दादाने दोन्हीकडे सारखीच मन लावून बसवली. खिडकी? सारखी. मग उरतं काय? खोलीत कुणीतरी काहीतरी लावतं. दुकान तिचं, गठ्ठा तिचा, लाल जिंकली तर काउंटरवर मान तिचा. आमच्या घरातला छोटा हीटर गेले कित्येक दिवस मला खाली कुठे दिसलेला नाही.

मला असं वाटायला नको होतं. पण शास्त्रात शक्यता नाकारायच्या नसतात.

२७ जानेवारी

वहिनीच्या माहेरी सामान हलवायचं म्हणून ती आणि दादा काल गेले. त्यांची खोली बंद. आणि काल संध्याकाळी लालचा आकडा धाडकन खाली. माझ्या खोलीच्याही खाली. आज तेच.

ती नाही तर ऊब नाही. आता आणखी काय पुरावा हवा?

खरं लिहायचं तर मला आनंद झाला. असा आनंद मला पदवीच्या निकालालाही झाला नव्हता. आई-बाबा खाली टीव्हीसमोर पेंगत होते, दोघांनाही करमत नव्हतं. "घर कसं ओकंओकं झालंय," आई म्हणाली. मी घरातच होते.

३० जानेवारी

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

ते दोघं परत आले. जेवायला सगळे बसले होते. मी आकड्यांचा कागद ताटाशेजारी ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "वहिनी, हीटर किती वाजता लावता तुम्ही?"

तिला आधी कळलंच नाही. "कोणता हीटर?"

"चाचणी चालू असताना लावता तो. तुम्ही गेलात आणि आकडा पडला. माझी नोकरी या लेखावर आहे. तुमच्या दुकानाचा गठ्ठा जिंकावा म्हणून तुम्ही..."

"ए," दादाने घास खाली ठेवला. तो माझ्यावर कधी आवाज चढवत नाही, आजही चढवला नाही. "हीटर तुझ्या खोलीत आहे. तुझ्या पलंगाखाली."

"काहीतरीच."

"जा, बघून ये. थंडी सुरू झाली तेव्हा हिनेच ठेवायला लावला. म्हणाली, तिला लगेच सर्दी होते, आपण दोघं आहोत, आपल्याला काय. तुला सांगितलं होतं. तू मान हलवलीस, तुझं लक्ष पुस्तकात होतं."

मी वर गेले. पलंगाखाली, माझ्या जुन्या पुस्तकांच्या खोक्यामागे, हीटर होता. वायर नीट गुंडाळून रबरबँड लावलेला. तो रबरबँड वहिनीच्या केसांचा.

खाली आले तेव्हा वहिनी उठून भांडी घासत होती. पाठमोरी. आज डाव मांडला नाही. लालचा आकडा माझ्याइतकाच होता. तोही टिपला. सवयच झालीय.

३१ जानेवारी

ऑफिसात दिवसभर एकही ओळ सुचली नाही. घरी आल्यावर वहिनीच्या दारावर टकटक केलं. लोकर बसवल्यापासून मी त्या खोलीत पहिल्यांदाच गेले.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, "वहिनी, मी चुकले."

"हं," ती म्हणाली. घडी पूर्ण केली. "दुकानात रोज कुणीतरी म्हणतं, बाई, मापात मारलंत. त्याचं काही वाटत नाही. घरात पहिल्यांदा ऐकलं."

मी खोलीभर बघत उभी राहिले. भिंतीला टेकवून ओळीने पाच उशा होत्या, प्रत्येक वेगळी, प्रत्येक मधोमध बसकी. आईची विणायची पिशवी खुंटीला. बाबांचा जुना चष्मा खिडकीत. काकांची कानटोपी. पत्ते रुमालात बांधलेले. माझ्या खोलीत एक खुर्ची आहे.

आणि मग मला माझं शिक्षण आठवलं. शांत बसलेलं माणूस किती उष्णता सोडतं, हा प्रश्न मला दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत आला होता. मी तो पूर्ण गुणांनी सोडवला होता. बंद खोलीत, चांगल्या छपराखाली, दीड तास पाच माणसं. नियमांमध्ये मी हीटर लिहिला, खिडकी लिहिली, इस्त्रीसुद्धा लिहिली. माणसं लिहिली नाहीत.

"काय झालं?" वहिनीने विचारलं. "तोंड का असं झालं?"

"हीटर होता," मी म्हटलं. "इथेच होता. तुम्ही सगळे."

तिने माझ्याकडे बघितलं, उशांकडे बघितलं, आणि आधी तिचा खांदा हलायला लागला. मग हसू फुटलं. "अगं बाई. म्हणजे बाबांच्या बकरीने निळी कंपनी बुडवली असती."

मी हसले. आज उशीर झाला नाही.

२ फेब्रुवारी

जेवताना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आता न्याय्य चाचणी करायची तर तुम्हाला सगळ्यांना तितकाच वेळ माझ्या खोलीत बसावं लागेल. तितकीच माणसं, तितकेच दिवस."

बाबांनी आईकडे पाहिलं.

"तुझ्या खोलीत?" बाबा म्हणाले. "तुला चालेल?"

"का नाही चालणार?"

"तसं नाही. तुझा अभ्यास असतो."

"बाबा, माझा अभ्यास संपून दीड वर्ष झालं."

"हो, पण सवय झालीय गं. तुझी आई आम्हाला ओठावर बोट ठेवून जिना चढवायची. चपला हातात घेऊन. काकांना तर खोकला दाबायला लावायची. आता पायच आपोआप हळू पडतात." ते ताटात बघत म्हणाले, "तू काही ना काही वाचतच असतेस. मला वाटतं, मोठं काम चालू आहे पोरीचं, बाटलीवरचं अक्षर काय, ते कुणीही वाचेल."

मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले. १९ जानेवारीचं पान फाडून टाकावंसं वाटतंय. पण नोंदी फाडायच्या नसतात.

५ फेब्रुवारी

पहिली संध्याकाळ. आई विणकाम घेऊन आली, काका टोपी घालून, वहिनी काखेत स्वतःची उशी घेऊन. पाचही जण माझ्या खोलीत भिंतीला चिकटून बसले, दवाखान्यात नंबराची वाट बघावी तसे. पत्ते वाटतानाही आवाज नाही. दादा कुजबुजून म्हणाला, "हुकूम कोणता?" बाबांनी ओठावर बोट ठेवलं.

"बाबा, मोठ्याने बोला," मी म्हटलं. "नाहीतर चाचणी सारखी होणार नाही."

आवाजाने तापमान वाढत नाही. हे मला ठाऊक आहे.

"शास्त्राची गरज आहे म्हणते," वहिनी म्हणाली. "बाबा, ती बकरीची गोष्ट सांगा बघू. वन्संची म्हणे खरी वेगळीच आहे."

मी तिला हे कधी सांगितलं होतं? सांगितलं नव्हतं. बाबा म्हणाले, "हो तर. तिकीट मागितलं हे हिचंच डोकं. सहा वर्षांची होती. मी रोज हिच्या नावासकट सांगतो सूनबाईला."

दीड तासाने बाहेर जाऊन आकडा टिपला. वहिनीच्या खोलीत जेवढा असायचा तेवढाच. मी धरून सहा माणसं होतो, म्हणून फार तर अर्धा अंश वर.

मत्सर मात्र पूर्ण गेलेला नाही. बाबा वहिनीला मुद्दाम जिंकू देतात, मी आज डोळ्यांनी पाहिलं.

१२ फेब्रुवारी

लेख दिला. आधी त्यात वहिनीच्या गठ्ठ्यावर एक बोचरं वाक्य होतं, त्यावरचं कुटुंब नको तितकं हसतं असं काहीतरी. ते काढलं. निष्कर्ष साधा आहे. छापलेला आकडा आणि जाडी सारखी असेल तर निळी घ्या की लाल, घराला फरक कळत नाही. फट ठेवू नका, दाबून भरू नका. आणि शेजाऱ्याची खोली जास्त उबदार असेल तर कंपनी विचारण्याआधी तिथे माणसं किती बसतात ते विचारा, कारण शांत बसलेलं एक माणूस म्हणजे जुन्या काळचा एक पेटलेला बल्ब. ही बल्बाची उपमा मला लिहिता लिहिता ऑफिसात सुचली. संपादकबाईंनी ती ठेवली. म्हणाल्या, "उमेदवारी संपली. पुढच्या महिन्यात पाण्याच्या टाक्या."

१ मार्च

अंक निघाला. खाली माझं नाव छापलंय. माझी प्रत ऑफिसच्या खणातच ठेवून आले. घरी दाखवली असती, पण ती वाचली की चाचणी संपली हे सगळ्यांना कळेल. ती तशी १२ फेब्रुवारीला, लेख दिला तेव्हाच संपली. मी खोटं बोललेले नाही. मला कुणी विचारलेलं नाही, एवढंच.

वहिनीच्या दुकानात आमचा अंक ठेवतात, असं ती कधीतरी म्हणाली होती. पण काउंटरवर तिला वाचायला कुठे सवड असणार.

जेवणानंतर आई-बाबा, दादा आणि काका वर आले. वहिनी सगळ्यांत शेवटी आली, उशी काखेत.

"सरका जरा," ती दारातून म्हणाली. "चार बल्ब बसलेत, पाचव्याला जागा द्या."

बल्बाचं हे तिला दादाने सांगितलं असणार, वायरमनच तो. मी माझी खुर्ची भिंतीकडे ढकलली.

"इथे बस," मी म्हटलं. "माझ्याजवळ."

"वन्सं, अजून किती दिवस चालणार ही चाचणी?"

"अजून थोडे दिवस. आकडे पक्के व्हायला हवेत."

"बरोबर आहे," वहिनी म्हणाली आणि पत्ते पिसायला घेतले. "घाई कशाला करायची."

आज डबी बघायला बाहेर गेलेच नाही.